काठ तेवढा राहू द्या

प्रति,
आमच्या तलावाच्या सुशोभीकरणाचा आराखडा करणारे, तो मंजूर करणारे आणि त्याचा निधी आणणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

विषय : तलावाचा उतरता काठ न तोडण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

साताऱ्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आमच्या तलावावर बसवलेल्या बहुतेक पंपांची कामं गेली सव्वीस वर्षं माझ्याकडे येतात. पाणी मागं सरलं की सक्शनचा पाइप पुढं न्यायचा, फुटव्हॉल्व्हमध्ये अडकलेला गाळ काढायचा, केबल वाढवायची. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हे चालूच असतं. त्यामुळे कुठल्या महिन्यात काठ कुठं असतो हे मला नकाशा न बघता सांगता येतं.

हा तलाव १९७२ च्या दुष्काळात बांधला. माझी आई त्या कामावर होती. दिवसभर मातीच्या पाट्या वाहायच्या, दुपारी सुकडी खायची आणि पुन्हा पाटी डोक्यावर घ्यायची. मी तेव्हा लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत होतो. तो लिंब अजून बांधाच्या टोकाला उभा आहे. या तलावाबद्दल बोलायचा मला हक्क काय, असं मागे एकदा कार्यालयात विचारलं गेलं होतं. त्याचं उत्तर त्या लिंबाखाली आहे.

आता गेल्या एप्रिलची गोष्ट. दुसरा आठवडा होता, सकाळचे साडेसहा झाले असतील. एका शेतकऱ्याचा पंप पाणी ओढत नव्हता म्हणून मी काठावर उकिडवा बसून नटबोल्ट सोडवत होतो. पाणी बरंच खाली गेलेलं, मागं राहिलेला चिखल वाळून भेगाळलेला आणि त्याच्या खपल्या कडेनं वर वळलेल्या. पंधरा-वीस पावलांवर एक पक्षी होता. आखूड नारिंगी पाय, छातीवर काळा पट्टा, पाठ विटकरी आणि काळ्या रंगानं शिंपल्यासारखी. चोच लहान, किंचित वर वळलेली. तो खपलीच्या कडेखाली चोच घालायचा, मान खाली दाबायचा आणि पहारीनं दगड उलथावा तशी खपली उलथून टाकायचा. खाली अजून ओल असायची आणि त्या ओलीतले किडे उजेड पडताच पळायला लागायचे. ते टिपले की पुढची खपली. एकदा त्यानं वाळलेल्या शेणाचा तुकडाही असाच पालथा घातला. मी हातातला पाना खाली ठेवायचंही विसरून गेलो होतो.

दुर्बिणीला मोबाइल लावून फोटो काढला आणि पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका जाणकारांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला. हा टर्नस्टोन, म्हणजे दगड उलथणारा. समुद्रकाठच्या खडकांवर, शंख-शिंपल्यांत राहणारा. आमच्यापासून समुद्र सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. हा पक्षी उन्हाळ्यात थेट आर्क्टिकच्या काठावर जाऊन अंडी घालतो आणि तिकडे निघालेला तो आमच्या तलावावर उतरला होता. तीन दिवस राहिला. चौथ्या सकाळी दिसला नाही.

मी तुम्हाला पत्र लिहितोय ते केवळ या एका पक्ष्यासाठी नाही. पण त्याच्यामुळे मला एक गोष्ट नीट कळली, ती तुमच्यापर्यंत पोचावी असं वाटतं.

समुद्रकाठचे पक्षी पठारावर क्वचित दिसतात म्हणजे ते चुकून येतात, असा समज आहे. क्वचित कोणी वादळवाऱ्यानं भरकटतही असेल. पण सैबेरिया आणि मध्य आशियातून आपल्या किनाऱ्यांकडे येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या बऱ्याच पक्ष्यांची वाट या पठारावरूनच जाते. हिवाळा अरबी समुद्राच्या लाटांवर काढणारा लाल मानेचा फॅलरोपसुद्धा पठारावरच्या जलाशयांत अधूनमधून नोंदला गेला आहे. एरवी हे पक्षी उंचावरून निघून जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. समोरून वारा आला, पाऊस लागला, अंगातली चरबी संपत आली की खाली यावं लागतं. समुद्रकाठच्या पक्ष्यांतल्या पट्टेरी शेपटीच्या गॉडविटची नोंद तर जगाला माहीत आहे. २०२२ मध्ये त्याचं एक पिल्लू अलास्काहून निघून टास्मानियापर्यंत न थांबता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडालं. अशा प्रवासाला निघण्यापूर्वी हे पक्षी अंगावर इतकी चरबी चढवतात की काही जातींत वजनाचा निम्मा वाटा तिचाच असतो, आणि ओझं नको म्हणून त्यांचं जठर, आतडी आकसतात. असा पक्षी जेव्हा खाली उतरतो तेव्हा त्याला शोभेचं पाणी नको असतं. त्याला त्याच सकाळी, चोच पोचेल एवढ्या खोलीवर, किडे आणि अळ्या लागतात.

ते मिळतात फक्त काठावर. तलावाच्या मध्यावर नाही आणि कोरड्या रानातही नाही. पाण्याची कड आणि तिच्या मागचा ओला चिखल, एवढ्याच पट्टीत. न चावणाऱ्या पाणमाश्यांच्या लाल अळ्या, गोगलगायी, पाणकिडे या पट्टीत असतात. पाणी रोज थोडं मागं सरतं, नवी ओल उघडी पडते आणि पक्षी तिच्या मागोमाग सरकतात. माझे पाइप आणि हे पक्षी ऑक्टोबरपासून मेपर्यंत एकाच वाटेनं तलावाच्या पोटाकडे जात असतात. शेकाट्या गुडघाभर पाण्यात, तुतवार कडेला शेपटी हलवत, कंठेरी चिखल्या चार पावलं पळून थांबणारा आणि जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमचा टिलवा शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवणारा. टिलवा तुमच्या तळहातावर मावेल. तो उत्तर टोकाच्या टुंड्रातून येतो आणि आमच्याकडे येऊन हिवाळाभर राहतो.

हा काठ बघायला चांगला नसतो, हे मला मान्य आहे. चिखल, शेण, मेंढ्यांच्या खुरांचे ठसे, वास. म्हणूनच तो तुमच्या आराखड्यात ‘दुरुस्त’ करायची जागा म्हणून आला आहे. माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते.

पहिली तक्रार कामाच्या पद्धतीची. पश्चिमेची बाजू फेब्रुवारी ते मे या काळात पोकलेननं उभी कापली. जिथं दोनशे पावलं चालत गेल्यावर पाणी गुडघ्याला लागायचं, तिथं आता आठ फुटांचा कडा आहे. त्याच्यावर दगडी पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेलं अस्तर, येणार आहे. पाणी कितीही उतरलं तरी त्या बाजूला आता काठ तयार होणार नाही, फक्त भिंतीवरची ओल खाली सरकेल. मे महिन्यात तिथं एका मेंढपाळाची गाभण मेंढी पाणी प्यायला वाकली आणि खाली गेली. आम्ही चौघांनी दोर लावून वर काढली, पण ती जगली नाही. इथल्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या त्या उतारावरून पाण्याला जात होत्या. आराखड्यात सेल्फी पॉइंट दाखवला आहे, कळपाला पाण्यावर जायची वाट दाखवलेली नाही.

दुसरी तक्रार गाळाची, आणि इथं माझं म्हणणं नीट समजून घ्यावं ही विनंती. गाळ काढायला माझा विरोध नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेतून आमच्याकडच्या कित्येक माळरानांवर पीक उभं राहिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण गाळ मधून काढायचा की कडेनं, कधी काढायचा आणि काढल्यावर उतार ठेवायचा की कडा, याला महत्त्व आहे. इथं ट्रॅक्टरला जवळ पडतं म्हणून कडेचाच गाळ नेला, त्याखालचा मुरूमही नेला आणि तलावाच्या मध्यावर गाळ होता तिथंच आहे. साठा वाढावा हा हेतू असेल तर तोही साधला नाही. वेळही नेमकी तीच निवडली जेव्हा उत्तरेकडे परतणारे पक्षी पोट भरायला खाली उतरतात.

तिसरी, दिव्यांची. काठावर चारी बाजूंनी हायमास्ट, म्हणजे उंच खांबांवरचे प्रखर दिवे, लावणार आहेत. हे पक्षी बरेचसे रात्री प्रवास करतात आणि रात्रीही चरतात. दिवे गावाच्या बाजूला जरूर लावा. ओढ्याच्या तोंडाशी, जिथं माणसाचा वावरच नाही, तिथं ते कशासाठी हवेत?

आणि चौथी, जी मला सगळ्यात जास्त लागली. एप्रिलच्या अखेरीस मी लेखी अर्ज दिला. सोबत पक्ष्यांच्या नोंदी, फोटो आणि हातानं काढलेला काठाचा नकाशा जोडला. पोच मिळाली. जूनमध्ये चौकशीला गेलो तेव्हा तोंडी उत्तर मिळालं की हा सिंचनाचा तलाव आहे, पक्षी अभयारण्य नाही, तुमचा अर्ज कुठल्या नियमात बसत नाही.

घरी येऊन मी नियम वाचले. उत्तर देणारे अधिकारी एका अर्थानं बरोबर होते. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारनं २०१७ मध्ये जे नियम केले, त्यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी, पिण्याच्या पाण्यासाठी आणि करमणुकीसाठी खास बांधलेले जलसाठे वगळले आहेत. महाराष्ट्रासारख्या राज्यात, जिथं पठारावरचं बहुतेक पाणी बंधाऱ्यांच्या आणि धरणांच्याच मागं उभं आहे, तिथं या एका ओळीनं किती जागा उघड्यावर पडल्या असतील याचा विचार करा. पाणथळ जागा राखण्यासाठी देशादेशांत झालेल्या ज्या रामसर कराराचा भारत १९८२ पासून सदस्य आहे, त्याची व्याख्या पाणी नैसर्गिक की मानवनिर्मित असा भेद करत नाही.

आणि आपल्याच राज्याचं उदाहरण बघा. नांदूर मधमेश्वर हे २०१९ साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. ते काय आहे? गोदावरी आणि कादवेच्या संगमावर सिंचनासाठी बांधलेला बंधारा. शंभरएक वर्षं त्याच्यामागं गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरलं, चिखलाची बेटं झाली आणि पक्षी आले. ज्या गाळाला आपण दोष देतो त्यानंच ते स्थळ घडवलं. जायकवाडीचा जलाशय सिंचनाचाच आणि तोही पक्षी अभयारण्य आहे. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणकडे हिवाळ्यात जे लोक गाड्या भरून जातात, ते उतरत्या पाण्याच्या उथळ काठावर आलेले रोहित बघायला जातात आणि तिथल्या मच्छीमारांच्या होड्यांना त्यातून चार पैसे मिळतात. सिंचनाचा तलाव आणि पक्ष्यांची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे म्हणणं महाराष्ट्रानं स्वतःच खोटं ठरवलं आहे. शिवाय नियमात संरक्षण नाही याचा अर्थ काठ तोडलाच पाहिजे असा होत नाही. राखायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.

घाई का करतोय, तेही सांगतो. कुठल्या जीवजातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये किनारपक्ष्यांच्या १६ जातींचा धोका एकदम वरच्या पायरीवर नेला गेला. मी पाहिलेला टर्नस्टोन त्यांतलाच एक, तोवर तो निर्धास्त गटात होता. कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लव्हर तर थेट असुरक्षित गटात गेले. पुढच्याच वर्षी त्याच यादीनं बारीक चोचीचा कर्ल्यू नामशेष झाल्याचं जाहीर केलं. तो सैबेरियाकडून भूमध्य समुद्राकडे जायचा, त्याची शेवटची खात्रीची नोंद १९९५ ची, मोरोक्कोतली. त्याला कोणी एका दिवसात संपवलं नाही. वाटेवरच्या पाणथळ जागा एकेक करून गेल्या, शिकार झाली आणि मग एका हिवाळ्यात तो आलाच नाही. आमच्यासारख्या एका तलावाचा काठ गेला तर जगात कुठंही बातमी होणार नाही. म्हणून तर हे जाहीरपणे लिहावं लागतंय.

आम्हा पक्षी बघणाऱ्यांतल्याही काहींना सांगायचं आहे. टर्नस्टोनची बातमी फुटल्यावर दुसऱ्या दिवशी सात-आठ जण मोठमोठ्या लेन्स घेऊन आले. दोघे त्याला उडवून फोटो मिळावा म्हणून चिखलात पळत गेले, एकानं ड्रोन सोडला. हजारो मैलांच्या वाटेवर जेवायला बसलेल्याला ताटावरून उठवणं हा गुन्हाच आहे. मी त्यांना हटकलं, भांडण झालं. तेव्हापासून दुर्मीळ पक्ष्याची जागा मी लगेच कुणाला कळवत नाही.

गावाला फिरायला जागा नको, असंही मी म्हणत नाही. माझी बायको आणि तिच्या मैत्रिणी पहाटे मोठ्या रस्त्याच्या कडेनं चालायला जातात. उसाचे ट्रक अंगावरून जातात. त्यांना सुरक्षित ट्रॅक मिळायलाच हवा. म्हाताऱ्यांना बसायला बाक हवेत. माझी मागणी ट्रॅक रद्द करण्याची नाही, तो कुठून न्यायचा याची आहे.

दिवाळीनंतर उत्तर आणि पूर्व बाजूचं काम सुरू होणार, असं समजतं. त्याआधी माझ्या मागण्या अशा :

ओढा जिथं तलावात उतरतो तिथपासून पूर्वेच्या जुन्या विहिरीपर्यंतचा काठ, साधारण चारशे मीटर, जसा आहे तसा ठेवावा. त्यावर पिचिंग, भिंत, भराव काही नको. फिरायचा ट्रॅक तिथं पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, बाहेरून, बाभळींच्या ओळीमागून न्यावा. जागा सरकारीच आहे, कोणाचं शेत त्यात जात नाही.

पश्चिमेच्या कापलेल्या बाजूला किमान दोन ठिकाणी पुन्हा उतार करून द्यावा, मेंढ्या-गुरांना पाण्यावर जाता येईल एवढा रुंद.

गाळ मेच्या मध्यानंतर आणि पावसाआधी काढावा, तलावाच्या मध्यातून काढावा. कडेचा मुरूम नेणं थांबवावं.

हायमास्ट फक्त गावाकडच्या बाजूला, तेही खाली झाकलेले असावेत.

बोटिंग ठेवायचंच असेल तर बांधाजवळच्या खोल पाण्यात ठेवा आणि ओढ्याकडच्या उथळ भागात होडी जाणार नाही अशी खूण लावा.

दरवर्षी जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. आमच्या तलावाची गणना आम्ही चार-पाच जण स्वखर्चानं करून देऊ. तिचे आकडे तलावाच्या फाइलला लावावेत आणि पुढचं कुठलंही काम ठरवताना ते उघडून बघावेत.

पूर्ण आराखडा, नकाशासह, ग्रामसभेत मांडावा. आजवर आम्ही फक्त फ्लेक्सवरचं रंगीत चित्र पाहिलं आहे.

आणि राज्याच्या पातळीवर जे निर्णय घेतात त्यांना एकच विनंती. ज्या सिंचन तलावांवर स्थलांतरित पक्षी नियमित येतात त्यांची जिल्हावार यादी करा आणि अशा तलावांवर सुशोभीकरणाला मंजुरी देण्याआधी काठाचा निदान एक भाग राखणं बंधनकारक करा. त्यासाठी केंद्राचे नियम बदलायची वाट बघावी लागणार नाही, एक परिपत्रक पुरेसं आहे.

अर्जाला लेखी उत्तर मिळावं, ही शेवटची मागणी. नकार असेल तर कारणासह नकार द्या.

तलाव यंदा परतीच्या पावसानं भरला आहे. पाणी आताच वीतभर मागं सरलंय आणि परवा ओढ्याच्या तोंडाशी टिलव्यांचा पहिला थवा उतरला. पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता मी तिथं पाइप सरकवायला जाणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी नकाशा घेऊन यावं. चारशे मीटर कुठून कुठपर्यंत ते मी चालून दाखवतो. माझ्याकडे दुर्बीण एकच आहे, पण ती आळीपाळीनं सगळ्यांना बघता येईल.

आपला नम्र,
तलावावरचे पंप दुरुस्त करणारा एक गावकरी